आडवी बाटली करायचीय, सह्या झाल्या, पुढे काय? अनुभव असलेल्यांनी सांगा

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं नुसती वाचते इथे, धागा पहिलाच काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव सांगली बाजूचं, नाव नको. एसटी स्टँडच्या मागे देशी दारूचं सरकारमान्य दुकान आहे आणि शाळेत जायची वाट तिथूनच. दुकान जुनं, माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही होतं म्हणतात. तक्रारी आधीही व्हायच्या, पण यंदा कारण वेगळं झालं. सातवीतल्या एका पोराच्या दप्तरात बाईंना क्वार्टर सापडली. बाईंना वाटलं पोरगंच पितंय. त्याला विचारलं तर रडतच सांगितलं की पप्पांची आहे, सकाळी शाळेत येताना घ्यायची आणि मधल्या सुट्टीत घरी नेऊन द्यायची, कारण पप्पांना सकाळी उठून चालवत नाही. दुकानदार त्याच्या हातात देत होता. हे गावभर झालं आणि आमच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये कर्जाच्या हप्त्यांचं राहिलं बाजूला, सगळ्या याच्यावरच बोलायला लागल्या.

तर आता महिलांचं मतदान घेऊन दुकान बंद करायचं ठरवलंय (आडवी बाटली म्हणतात ती हीच, आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का म्हणजे दुकान बंद). गावात १६४० महिला मतदार आहेत. अर्जाला २५ टक्के सह्या लागतात म्हणजे ४१०, आम्ही ४६० गोळा केल्या, महिनाभर रोज संध्याकाळी फिरून. आता पोटात गोळा आलाय. मतदानात हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही. माझे दीर म्हणतात बंद झालं तरी माणसं शेजारच्या गावात जाऊन पिणार, मग एवढा उपद्व्याप कशाला. ज्यांच्या गावात हे झालंय त्यांनी खरं खरं सांगा, पुढे नक्की काय होतं, आणि नंतर काही फरक पडतो का?

टवाळ_बाळ
आमच्या आत्याच्या गावातला किस्सा. प्रचारात बायका घरोघर सांगत होत्या, आज्जी, आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. आज्जी म्हणाली, "आमचे हे रोज आडवे होत्यात, आता परत बाटली पण आडवी कशाला? उभीवर मारते, म्हंजे हे उभे ऱ्हातील." अर्धा तास गेला समजवायला.

गोदाक्का
@टवाळ_बाळ, हसू नकोस, हा खरा प्रॉब्लेम आहे. आम्ही पुठ्ठ्यावर दोन बाटल्या काढून प्रत्येक वस्तीवर नेल्या होत्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्र कळतं असं आपण धरून चालतो, पण उभी म्हणजे चालू आणि आडवी म्हणजे बंद हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

कृष्णाकाठची ताई, आमच्याकडे दोनदा झालं. पहिल्यांदा हरलो, ३७ मतांनी. का हरलो ते ऐक, कारण आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही समजत होतो की मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्यांनी आडवी म्हटलं की झालं. तसं नाहीये. यादीत जेवढ्या महिला आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडायला पाहिजेत. म्हणजे जी आलीच नाही ती उभ्या बाटलीचीच. जी मेलीय पण यादीतून नाव निघालं नाही, ती पण उभ्या बाटलीची. आमच्याकडे मतदानाला आलेल्यांपैकी शंभरात नव्वद आडव्या होत्या आणि तरी आम्ही हरलो. त्या रात्री दुकानासमोर फटाके वाजले.

आता तुझा हिशोब कर. १६४० च्या निम्म्या ८२०, तुला ८२१ पाहिजेत. पण त्या १६४० मध्ये लग्न होऊन गेलेल्या पोरी किती? आमच्याकडे बारा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या पोरींची नावं माहेरच्या यादीत तशीच होती. त्यात मुंबई-पुण्याला गेलेल्या, वारलेल्या. समजा १९० नावं अशी निघाली आणि रीतसर कमी झाली तर यादी १४५० ची, मग ७२६ पुरतात. पंच्याण्णव मतं घरबसल्या मिळाली की नाही? बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) फॉर्म ७ भरायचा, वारलेल्यांसाठी मृत्यूचा दाखला जोडायचा. ज्या लग्न होऊन गेल्यात त्यांच्या घरी आधी सांग, नाहीतर माझ्या लेकीचं नाव का कापलं म्हणून वेगळंच भांडण. आणि नवीन सुनांची नावं चढव, पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर फॉर्म ६, माहेरच्या यादीत असेल तर फॉर्म ८, त्या येतात मतदानाला, अनुभव आहे.

दुसरी गोष्ट. मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला दोन टेम्पो आले आणि मजुरीच्या बायकांना लांबच्या मळ्यात खुरपणीला घेऊन गेले, दुप्पट हजेरी देऊन. उभीला मत द्या असं कुणी म्हटलंच नाही, नुसतं कामाला नेलं. संध्याकाळी परत आल्या तोवर मतदान संपलेलं. दुसऱ्या वेळी आम्ही आदल्या रात्रीच वस्तीवर झोपायला गेलो.

मुक्त_विचार
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने कायदेशीर वस्तू विकत घ्यायची की नाही हे गावातल्या दुसऱ्या कुणीतरी मतदान करून ठरवायचं, हे मला पटत नाही. आणि दारूबंदीने दारू बंद झाली असा पुरावा कुठे आहे? वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून बंदी, तिथे दारू मिळत नाही का? गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. मिळत नाही असं एक गाव दाखवा, मी त्या गावात जाऊन राहतो. शिवाय अधिकृत दुकान गेलं की हातभट्टी येते. मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, मिथेनॉल होतं त्यात. दुकानातली दारू निदान माणूस एका रात्रीत आंधळा करत नाही.

राघू_मैना
@मुक्त_विचार पोराच्या दप्तरात बाटली होती ते वाचलं का? की सज्ञान शब्दाशी थांबलात?

मुक्त_विचार
वाचलं. महाराष्ट्रात देशी-विदेशी दारू घ्यायला २५ वर्षं पूर्ण लागतात, बियर-वाइनला २१. सातवीतल्या मुलाला विकणं हा आत्ताच्याच कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी दुकानदारावर कारवाई करा, परवाना जाऊ दे. त्यासाठी सगळ्या गावाचं मतदान कशाला?

कृष्णाकाठची
दादा, तक्रार केली होती. तालुक्याला दोनदा गेलो, भाड्याची गाडी करून, अकरा जणी. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा म्हणाले लेखी द्या. दिलं. पुढच्या आठवड्यात दुकानदाराने पाटी लावली "लहान मुलांस दारू मिळणार नाही". एवढीच कारवाई. आता तो त्या पोराऐवजी पोराच्या आईला देतो.

चांदा_ते_बांदा
मी चंद्रपूरचा. १ एप्रिल २०१५ ला आमच्या जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. आलेली पण पाहिली, गेलेली पण. त्याच्या आधी बायका चिमूरवरून नागपूरला अधिवेशनावर पायी चालत गेल्या होत्या, ते पण विसरलो नाही.

पहिलं वर्ष खरंच बरं गेलं, बाप्पा. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावरून बाई माणूस जाऊ शकत होतं. मग हळूहळू बॉर्डरवरून यायला लागली, ॲम्ब्युलन्समधून, दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या कॅरेटखाली. पोट्टे मोटरसायकलवर आणायचे, त्यांचाच धंदा झाला, शिकायच्या वयातले पोट्टे. भाव तिप्पट. पिणारा तिप्पट भावाने घेत होता आणि घरचा पैसा तेवढाच जास्त जात होता. मुक्त_विचार म्हणतात ते एकदम चूक नाही.

पण मी एक पाहिलं. ज्या गावच्या बायका एकत्र होत्या त्या गावात बंदी टिकली, आणि जिथे बंदी नुसती मंत्रालयातून आली होती तिथे ती पेपरातच राहिली. कायदा दोन्हीकडे तोच.

दंडकारण्य
@चांदा_ते_बांदा शी सहमत. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. ती पण लोकांनी मागून घेतली होती, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांसोबत लावून धरलं तेव्हा. तरी कागदावर बंदी असून वर्षानुवर्षं दारू चालूच होती. २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाचं काम सुरू झालं, त्यात गावोगावी संघटना बांधल्या, तालुक्याला व्यसनींसाठी क्लिनिक चालवली. आमच्या शेजारच्या गावात बायकांनी मोहाचा सडवा (दारू गाळायला सडवलेली मोहफुलं) सापडला की ओतून द्यायचा सपाटा लावला. विकणारी स्वतः गावातलीच विधवा बाई होती. तिला काय करायचं यावर चार मीटिंगा झाल्या. शेवटी गटाने तिला शेळ्या घ्यायला कर्ज दिलं. हे पेपरात कुठे येत नाही, पण मला विचाराल तर सडवा ओतण्यापेक्षा ते अवघड काम होतं.

आजचा_दिवस
हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

मी दारुडा आहे. नऊ वर्षं झाली शेवटच्या पेगला. तरी "होतो" म्हणत नाही, "आहे" म्हणतो, आमच्या एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगमध्ये तसंच म्हणतात.

आमच्या गावात पण आडवी बाटली झाली होती. माझ्या बायकोने सही केली होती आणि मी तिला त्यासाठी मारलं होतं. लिहायला लाज वाटते पण लिहिलंच पाहिजे. दुकान बंद झालं त्या रात्री मी आणि अजून दोघे अकरा किलोमीटर गेलो मोटरसायकलवर. रोज जायला लागलो. येताना एकदा पडलो, तिघातला एक कायमचा लंगडा झाला. तेव्हा ताईंच्या दिरांचं म्हणणं, की माणसं शेजारच्या गावात जाऊन पितील, ते माझ्यासारख्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे.

पण एक सांगतो. आमच्या आळीत माझ्यासारखे पक्के पाच-सहाच होते. बाकी पंचवीस-तीस जण असे होते की कामावरून येताना वाटेत दुकान लागतं म्हणून थांबायचे. ते अकरा किलोमीटर नाही गेले. वर्षभरात ते जवळजवळ सुटले आणि त्यातल्या कुणाला केंद्रात जावं लागलं नाही, कुणी त्यांच्यावर व्याख्यान दिलं नाही. आणि त्यांची पोरं, जी आमच्या वयात आली असती तर त्याच ओट्यावर बसली असती, ती बसली नाहीत, कारण ओटाच नव्हता.

पक्क्यांसाठी मात्र दुकान बंद करून भागत नाही. मला सोडवलं ते एका मास्तराने. तो रोज सकाळी यायचा, उपदेश नाही काही नाही, चल म्हणायचा, टेकडीपर्यंत. तो स्वतः सुटलेला होता हे मला तीन महिन्यांनी कळलं. मग त्याने एएच्या मीटिंगला नेलं. ताई, तुमच्या ४६० सह्यांमध्ये अशा बायकांच्या सह्या असतील ज्यांचे नवरे माझ्यासारखे आहेत. त्यांना घरी काय सोसावं लागेल ते आधी बघा. सही केली त्या आठवड्यात माझी बायको एकटी होती. कुणी दार वाजवलं असतं तर बरं झालं असतं.

राघू_मैना
दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

सिस्टर_माई
वीस वर्षं ग्रामीण भागात नर्स आहे, म्हणून कामाचं सांगते, कृष्णाकाठची ताई हे नीट वाचा.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर ते जिवावर बेतू शकतं. सहा-आठ तासांत हातपाय थरथरायला लागतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस कुठे आहे हे कळत नाही, ताप, अंगावर किडे चालतायत असं वाटतं. लोक म्हणतात बाहेरचं झालं, अंगात आलं, आणि देवर्षाकडे नेतात. ते सगळं दारू तुटल्याचं असतं आणि त्याला दवाखानाच लागतो, औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. वेळेत आला तर माणूस वाचतो.

दुकान बंद होईल त्या आठवड्यासाठी आशाताईंना सांगून ठेवा, वस्तीवर सकाळी उठल्या उठल्या लागणारे कोण कोण आहेत त्यांची यादी करा (गावाला माहीत असतंच), आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधीच भेटा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे, जवळ कुठे केंद्र आहे ते तिथे विचारता येतं.

त्या सातवीतल्या पोराच्या वडिलांचं वाचून मला पहिलं हेच वाटलं. सकाळी उठून चालवत नाही म्हणजे थरथर होते.

गोदाक्का
माई, तुम्ही हे लिहिलंत आणि मला आमच्याकडचं आठवलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही जिंकलो. गुलाल उधळला, दुकानाला सील लागलं, पेपरात फोटो आला, मी फोटोत पुढे. तिसऱ्या दिवशी आमच्या मागच्या आळीतला एक जण भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून भिंत झाडत होता. खराट्याने. आम्ही बायका हसलो. खरंच हसलो, म्हटलं बघा उतरली याची. रात्री फिट आली, तालुक्याला नेईपर्यंत गेला. त्याची बायको आमच्या गटातली. ती गटात राहिली, हप्ते भरत राहिली, पण माझ्याशी त्यानंतर नीट बोलली नाही. मला वाटायचं नवरा गेला म्हणून रागावलीय. आत्ता कळतंय की आम्ही हसलो ते तिने पाहिलं होतं.

कृष्णाकाठची
अक्का, काय लिहू कळत नाही.

माई, उद्याच आशाताईंकडे जाते. त्या पोराच्या वडिलांना आधी दाखवायचं, मतदान व्हायच्या आत.

पुणेरी_सोसायटी
थोडं अवांतर होतंय पण विचारतो. आमच्याकडे शहरात दारूचं दुकान हा प्रश्नच नाही, आमच्या इमारतीच्या टेरेसवर दहावी-बारावीची मुलं गांजा ओढतात. वॉचमनला शंभर रुपये. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले फ्लॅटचे भाव पडतील, बाहेर बोलू नका. टेरेसला कुलूप लावलं, आता मुलं पार्किंगमध्ये जातात.

उत्तरेचा_वारा
@पुणेरी_सोसायटी कुलपाने काय होणार. आइसलँडमध्ये १९९८ ला दहावीच्या वयाच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्यात एकदा तरी झिंगलेले होते, २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी काय केलं, तर दरवर्षी मुलांना नाव न घेता प्रश्नावली, निकाल त्या त्या शाळेच्या पालकांसमोर ठेवायचा, खेळ-संगीताच्या क्लासला नगरपालिकेकडून पैसे, आणि आईबाप आळीपाळीने रात्री मोहल्ल्यात फेरी मारायचे. उशिरा बाहेर राहायला मुलांना कायद्यानेच मनाई.

टवाळ_बाळ
आइसलँड म्हणजे आमच्या तालुक्याएवढी वस्ती. आणि रात्री बाहेर पडलं तर थंडीनेच आडवं व्हायचं, बाटलीची गरज नाही.

उत्तरेचा_वारा
मग तालुक्यात जमायला हरकत काय :)

पुणेरी_सोसायटी
फेरीची कल्पना घेतली. पहिल्या रात्री तिघे आलो, त्यातला मी एक आणि एक आजोबा, त्यांना झोप येत नाही म्हणून. टेरेसवरच्या दोन मुलांना आजोबा म्हणाले, मला बुद्धिबळ शिकवता का. एक जण दुसऱ्या दिवशी खरंच पट घेऊन आला. दुसरा नाही आला.

संपादक
शहराचा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा, चांगला चालेल. इथे मूळ प्रश्नाकडे या.

ऊसतोड_लेक
मूळ प्रश्नाकडेच येते. मी बीडची. अक्का म्हणाल्या की जी आली नाही ती उभ्या बाटलीची. आमच्या गावातल्या निम्म्या बायका दिवाळीनंतर कारखान्यावर, परत येतात मार्च-एप्रिलला. आमच्याकडे मतदानाची तारीख लागली जानेवारीत. संपलं. मागणी करतानाच लेखी द्या की मजूर गावात असतील तेव्हाच मतदान घ्या. तुमच्याकडे उलटं असेल, तुमच्याकडे बाहेरून टोळ्या येतात, पण त्या तुमच्या यादीत नसतात.

निवृत्त_बाबू
सरकारी नोकरीत या प्रकरणांच्या फाइली हाताळल्या आहेत, थोडं स्पष्ट करतो. हे सगळं २००८ च्या शासन आदेशाखाली चालतं. सह्या झाल्या म्हणजे मतदान लागलं असं नाही. आधी सह्यांची पडताळणी, नाव यादीत आहे का, सही त्याच बाईची आहे का. इथे अर्ज गळतात. एका घरातल्या चौघींच्या सह्या एकाच हाताच्या निघाल्या की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. अंगठा असेल तर शेजारी नाव नीट लिहा आणि यादीतला अनुक्रमांक टाका. ४१० ला ४६० म्हणजे पन्नासच जास्त, मला कमी वाटतात. साडेपाचशे-सहाशेपर्यंत न्या. पडताळणीच्या दिवशी नवरे बाहेर बसलेले असतात आणि बायका "ही सही माझी नाही" म्हणतात, मी पाहिलंय.

दुकान गेल्यावर चोरून विक्री सुरू होतेच. त्याला दारूबंदी कायद्याचं कलम ६५(ई) लागतं. तोच माणूस पुन्हा पुन्हा सापडत असेल तर कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं, ते मागा, नुसत्या दंडाला तो भीत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद आलीय, ग्रामसभेतून करून घ्या. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची सोय आहे तिचा उपयोग करा, बहुतेक गावांत ती रजिस्टरात सह्या करून उरकतात.

आणि गावाने स्वतः दंड ठोठावू नये, कुणाला बांधू नये, धिंड काढू नये. त्यात केस आपल्यावरच होते.

राघू_मैना
बांधण्यावरून, राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून मारायचे ते अण्णांनी स्वतःच सांगितलंय ना? आणि ते गाव तर सगळे आदर्श म्हणून दाखवतात.

आजचा_दिवस
मला कुणी बांधून मारलं असतं तर मी सुटल्यावर पहिल्यांदा बायकोला मारलं असतं. एवढंच सांगतो.

मुक्त_विचार
आजचा_दिवस यांचा पहिला प्रतिसाद वाचल्यापासून विचार करतोय. पक्के पाच-सहा आणि वाटेत थांबणारे पंचवीस-तीस, हा फरक मी केलाच नव्हता, माझ्या डोक्यात सगळे एकच होते. जिल्हाबंदीला माझा विरोध कायम आहे, चांदा_ते_बांदा यांनी जे पाहिलं त्यावरून तर अजून पक्का झाला. पण एका गावाने आपल्या शाळेच्या वाटेवरचं एक दुकान नको म्हणणं ही बंदी नाही, तो शेजाऱ्यांचा निर्णय आहे. फक्त पुरुषांना पण मत असावं असं मला अजून वाटतं.

गोदाक्का
आजवर पुरुषांचंच चालत आलंय की. दुकान आलं तेव्हा कुणी बायकांना विचारलं होतं?

मुक्त_विचार
हा मुद्दा घेतला.

बंधारा
एक शंका. आमच्या शेजारच्या गावचं दुकान असं बंद झालं आणि वर्षाने तोच मालक आमच्या गावच्या फाट्यावर. म्हणजे त्यांची पीडा आमच्याकडे. याला काय करायचं?

निवृत्त_बाबू
स्थलांतर. यावर आधी हरकत घ्यावी लागते, बोर्ड लागल्यावर नाही. ग्रामपंचायतीत कुणी ना हरकत दिलीय का ते माहितीच्या अधिकारात काढा. आमच्या वेळी अशा ना हरकती दुपारी चारच्या मीटिंगला, कोरम जेमतेम असताना मंजूर व्हायच्या. आता २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यांनी तेवढी मीटिंग चुकवू नये.

टवाळ_बाळ
सदस्य बाई, मीटिंगला त्यांचे मिस्टर.

बंधारा
अगदी तेच झालं होतं.

कृष्णाकाठची
उशिरा लिहितेय, माफ करा, महिनाभर पळापळ चालू होती.

अर्ज अजून दिलेला नाही. अक्का आणि बाबू यांचं वाचून थांबलो. आधी यादी घेऊन बसलो, माझ्या ओसरीवर, आठ जणी, चार रविवार. एक नाव वाचायची आणि बाकीच्या सांगायच्या, ही इचलकरंजीला दिली, ही गेली, ही कोण बाई? एक नाव असं आलं की सगळ्या गप्प झाल्या, ती मुलगी जळून गेली होती, सात वर्षांपूर्वी, नवरा दारूच्या नशेत. यादीत अजून आहे. तिच्या आईनेच मग फॉर्मवर सही केली, कुणी मागितली नव्हती.

१७३ नावं निघाली. कागद करायला वेळ लागतोय, मृत्यूचे दाखले सगळ्यांकडे नाहीत. नवीन सुना ६१. सह्या ५८० झाल्या, प्रत्येकीचा अनुक्रमांक टाकलाय.

दीर अजून म्हणतात उपद्व्याप आहे. पण यादीच्या झेरॉक्सचे पैसे त्यांनीच दिले, त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय आमचं.

त्या पोराच्या वडिलांना घेऊन माईंनी सांगितल्याप्रमाणे आरोग्य केंद्रात गेलो होतो. डॉक्टरांनी सिव्हिलला पाठवलं, आठ दिवस ॲडमिट होते. घरी आलेत. पहिल्या दिवशी पोरगं त्यांना धरून शाळेपर्यंत चालत आलं, म्हणजे वडीलच त्याला सोडायला आले म्हणायचं. दुकानाच्या समोरून यावं लागतं, दुसरी वाट नाही. पोरगं वडील आणि दुकान यांच्या मधून चालत होतं. आजचा_दिवस दादा, तुमच्यासारखं सकाळी कुणी यायला पाहिजे त्यांच्याकडे, आमच्याकडे मीटिंग कुठे होते हे कुणाला माहीत नाही. तुम्ही सांगू शकाल का?

आजचा_दिवस
ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. मिरजेकडचा एक जण आहे आमच्यातला, त्याला विचारलं. रविवारी सकाळी सहाला येतो म्हणाला, चहा तेवढा ठेवा.